उताराचं पाणी आणि चढाचं पाणी

आज आपण एका शहराच्या पाण्याचा इतिहास पाहणार आहोत. शहर म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचं औरंगाबाद आणि त्याही आधीचं खडकी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी वसवली. माणूस मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला. पण राज्य चालवायचं तर आधी लोकांना पाणी द्यावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता अडचण बघा. जवळ मोठी बारमाही नदी नाही आणि पाऊस बेताचा. मग पाणी आणायचं कुठून? उत्तरेला हर्सूलकडे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि भुयारी मार्गाने गावात आणायचं, असा विचार झाला. हीच नहर-ए-अंबरी. काही ठिकाणी चुन्याच्या बांधकामाचे बोगदे, काही ठिकाणी भाजलेल्या मातीचे नळ. मध्ये मध्ये उंच मनोरे, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायची आणि पाण्याचा दाब आटोक्यात राहायचा. या सगळ्या व्यवस्थेला पंप नव्हता. जमिनीचा उतार हेच तिचं इंजिन.

पुढे याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीवर पाणचक्की चालायची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आजही बघता येते. वरून पडणाऱ्या पाण्याने खालचं चाक फिरायचं आणि चाकाबरोबर जातं. यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी त्यावर धान्य दळलं जायचं. म्हणजे तेच पाणी आधी काम करायचं आणि मग वापरालाही मिळायचं.

मग हे मोडलं कसं? शहर वाढलं. नहरींच्या मार्गावर घरं उभी राहिली, रस्ते झाले. गळती झाली, सांडपाणी आत शिरू लागलं. उताराच्या व्यवस्थेला सगळ्यांची शिस्त लागते; वरच्याने घाण केली की ती खालच्याच्या घरी पोचते.

दरम्यान, १९७६ साली पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि शहर नाथसागराच्या पाण्यावर जगू लागलं. सोय मोठी झाली, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती; तेवढ्यांची तहान नुसत्या जुन्या नहरींनी भागली नसती. पण एक गोष्ट उलटी झाली. नाथसागर शहरापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे. आधी पाणी उतरून यायचं, आता ते चढवावं लागतं.

थोडा हिशेब करू या. १००० लिटर पाणी १०० मीटर उचलायला निदान पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट वेगळीच. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा शहरी निकष. त्या हिशेबाने दहा लाख माणसांचं पाणी नुसतं वर आणायला रोज सुमारे ३७ हजार युनिट लागतील, तेही कमीत कमी. शुद्धीकरण आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढवायची मोटर यात धरलेलीच नाही. म्हणून अशा शहरात नळ उघडा राहिला की पाण्याबरोबर वीजही गटारात वाहून जाते.

आणि गटार जातं कुठे? पाणचक्कीच्या शेजारून खाम नदी वाहते. शहराचं सांडपाणी तिच्यात येतं, आणि ती पुढे नाथसागराकडेच जाते. बघा हं, घाण खाली न्यायला आपल्याला एक पैसाही पडत नाही. ते काम उतार फुकट करतो. मग त्याच जलाशयातलं पाणी आपण वीज खर्चून वर ओढतो आणि शुद्ध करून पितो.

तेव्हा जुन्या नहरी परत आणा, असं आमचं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की उतार आजही तसाच आहे. गच्चीवर पडणारा पाऊस चढवावा लागत नाही, तो वरूनच येतो. तो साठवता येतो, जमिनीत मुरवता येतो. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालायला पंप लागत नाही. गळका नळ बदलायला धरण बांधावं लागत नाही. मलिक अंबरच्या कारागिरांनी पाणी आणताना आधी जमिनीचा कल पाहिला. आपणही बादली भरताना निदान एवढं विचारावं, की हे पाणी किती चढून आलं आहे आणि इथून उतरून कोणाच्या घरी जाणार आहे.