खिशातला चाकू आणि छातीतली धूळ

इतिहास म्हटला की किल्ले आठवतात, तलवारी आठवतात. संग्रहालयात काचेआड तलवार, तिच्याखाली राजाचं नाव. पण माणूस रोज जे हत्यार अंगावर बाळगतो त्याला इतिहासात जागा नाही. आपल्याकडं करदोट्याला किल्ली बांधायचे, तिच्याबरोबर कानकोरणं, दातकोरणं, एखादा बारका चाकू. आज तोच चाकू किल्ल्यांच्या जुडग्याला लटकतो. बोटाएवढी वस्तू. दोरा तोडा, पेन्सिलीला टोक काढा, आंबा चिरा. ती कुणी घडवली, घडवणारा किती वर्षं जगला, हे कोण विचारतंय? तर आपण विचारू.

इंग्लंडात शेफिल्ड नावाचं शहर आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या एका कथेत पिठाच्या चक्कीवाला शेफिल्डचा चाकू मोज्यात खोचून हिंडतो. म्हंजे सहाशे वर्षांपूर्वीच तो रोजच्या वापरातला झाला होता. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्यानं तिथं चाकू-कारागिरांची कंपनी स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात तिथले घडीचे चाकू जगभर गेले, हिंदुस्थानातही आले. पिसाच्या लेखणीला टोक काढायचा म्हणून अशा चाकूचं इंग्रजीत नावच 'पेन-नाईफ' पडलं. म्हंजे हे अक्षरांच्या कामाचं हत्यार.

एका चाकूला हात किती लागत? पातं ठोकणारा एक, त्याला धार लावणारा दुसरा, मूठ बसवून जोडणी करणारा तिसरा. पात्यावर नाव मात्र कारखानदाराचं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात जोसेफ रॉजर्स कंपनीनं ७५ पात्यांचा चाकू मांडला. तो चाकू जगाला माहीत झाला. त्याची पाती घासणारा कुणाला माहीत आहे?

धार लावणारा म्हंजे आपल्याकडचा शिकलगारच समजा. वाळूच्या दगडाची मोठी सराण गरागरा फिरायची, तो तिच्यावर ओणवा. दगडाची अन् पोलादाची धूळ नाकातोंडात. ती फुप्फुसात बसली की बसली. डॉक्टर नाइट यांनी शेफिल्डमध्ये बघून लिहिलं, की कोरडं घासणारा जेमतेम ३५ वर्षं जगतो आणि पाणी घालून घासणारा क्वचितच ४५ ओलांडतो. जेवणाचे काटे घासणारे ८० पुरुष आणि ७० पोरं होती, ती २८ ते ३२ या वयात मरत. जो जास्त दारू पितो तो जास्त जगतो, असंही या डॉक्टरनं नोंदवलं. कारण काय, तर तो कामावर कमी जातो! एंगल्सनं आपल्या १८४५ च्या पुस्तकात ही साक्ष जशीच्या तशी घेतली आहे.

इलाज नव्हता असं नाही. सराणीवर झाकण घालायचं, वाऱ्याच्या झोतानं धूळ बाहेर काढायची, ही युक्ती निघाली होती. पण एंगल्स सांगतो, की कामगारांनीच काही ठिकाणी ती मोडून टाकली. का? धूळ गेली तर धंद्यात माणसं वाढतील, मजुरी पडेल. मरण हेच त्यांच्या मजुरीचं कुंपण झालं होतं. त्यांना मूर्ख म्हणायची घाई करू नका. पोट की छाती, एकच निवड, असं ज्यानं सांगितलं तो गुन्हेगार.

आणि हे आपल्याला नवं आहे काय? महारवतन आठवा. रात्रंदिवस गावाची वेठ, बदल्यात बलुतं अन् जमिनीचा तुकडा. तरी तो आपला हक्क म्हणून आपलीच माणसं त्याला चिकटून होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं, तेव्हा बाबासाहेब नव्हते. शेफिल्डात मनू नव्हता, जात नव्हती. तिथं भुकेनं बांधलं, इथं भुकेबरोबर धर्मानंही बांधलं. पण घातकी कामाची मक्तेदारी म्हंजे मालकी नव्हे, हा धडा दोन्हीकडं एकच.

आता आपल्या दप्तराकडं या. आपल्यातले कितीतरी जण पाटीवरच्या पेन्सिलीनं 'अ' शिकले. ती पाटीपेन्सिल मध्य प्रदेशात मंदसौरला दगड कापून बनायची. कापताना तीच धूळ. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. या रोगानं गेलेलं फुप्फुस परत येत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानुसार या रोगाची सरकारला खबर द्यावी लागत होती. म्हंजे कायदा होता, रोग ठाऊक होता, तरी माणसं धुळीतच बसली होती.

तेव्हा खिशातलं हत्यार जरूर बाळगा. हातानं घडवलेलं असेल तर घडवणाऱ्याचं नाव विचारून घ्या. आणि आपल्या तालुक्यात जिथं दगड फुटतो, घासला जातो, तिथं जा. धूळ ओढणारं यंत्र आहे का, कामगारांचे छातीचे फोटो काढतात का, हजेरीपटावर त्यांची नावं आहेत का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर मिळेस्तोवर तिथून हलू नका.