कापलेले नाक आणि मोठे नाक

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त छापला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. सुमारे वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. या कारागिराचे नाव वृत्तान्तात नाही, त्याची रीत मात्र तपशिलाने नोंदलेली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवून तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची, मात्र तिला रक्त पुरवणारी दोन डोळ्यांमधली अरुंद पट्टी शाबूत ठेवायची. मग ती कातडी वळवून खाली आणायची, काथाचा लेप दिलेल्या कापडाने चिकटवायची आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची. सुश्रुतसंहितेत अशाच कामासाठी गालाची कातडी घेण्यास सांगितले आहे. हा वृत्तान्त वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

नाक कापणे ही शिक्षा वेदनेपेक्षा बेअब्रूसाठी दिली जाई, आणि मराठीत ‘नाक कापले जाणे’ याचा अर्थ आजही अब्रू जाणे असाच होतो. त्यामुळे कावसजीला शरीराच्या अवयवाबरोबर समाजातील स्थानही परत मिळत होते, आणि या दुरुस्तीच्या नैतिकतेविषयी वृत्तान्तात शंका घेतलेली नाही. शतकानंतर बर्लिनमध्ये वाद उभा राहिला तो मात्र धडधाकट शरीरावरून. शल्यवैद्य जाक योझेफ यांनी १८९६ मध्ये एका मुलाचे बाहेर आलेले कान मागे बसवले, कारण त्या कानांवरून त्याची टिंगल होत असे. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही त्यांना रुग्णालयातील जागा गमवावी लागली. १८९८ मध्ये त्यांनी एका पुरुषाचे निरोगी, पण मोठे नाक लहान केले आणि मनाला होणारा त्रास हेही शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण आहे, असे प्रतिपादन केले.

रोग बरा करणे म्हणजे उपचार आणि निरोगी शरीर बदलणे म्हणजे वर्धन, हा भेद कागदावर स्पष्ट दिसतो. पण कावसजी आणि बर्लिनचा मुलगा या दोघांचेही दुःख लोकांच्या नजरेतून आलेले होते. म्हणून शरीरवर्धनाच्या नव्या तंत्रांची नीती ठरवताना, साधन कोणते आहे याआधी ती उणीव कोणी ठरवली, हे तपासावे लागते.