सातारा-सांगलीचे तरुण आणि शस्त्राचा प्रश्न



बेचाळीसच्या चळवळीची हकीकत पुस्तकांत वाचतांना एक प्रश्न मोठीं माणसें सहसा विचारीत नाहींत. वर्गांतील मुलें मात्र तो हटकून विचारतात. "गुरुजी, त्यांच्यापाशीं पिस्तूल आलें कोठून?" हा प्रश्न पोरकट नव्हे. खानावळीचे पैसे चुकते केल्यावर ज्याच्या खिशांत फारसें कांहीं उरत नाहीं, अशा विशीच्या मुलानें साम्राज्याविरुद्ध उभें राहावयाचें मनांत आणलें, तर त्यानें शस्त्र कोणतें निवडावें, तें कोठून मिळवावें, आणि त्याची किंमत अखेर कोणी भरावी? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सातारा-सांगलीकडील त्या चार वर्षांचा बराचसा इतिहास सांठलेला आहे. आज आपण तोच थोडक्यांत पाहूं.

प्रथम कायद्याकडे वळूं. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून बंदूक वा पिस्तूल बाळगणें हा गुन्हा ठरला. परवाना कोणास द्यावयाचा हें सरकारी अंमलदार ठरविणार. तेव्हां तो सरकारच्या विश्वासांतल्या माणसालाच मिळावयाचा, हें ओघानेंच आलें. चळवळींत पडलेल्या विद्यार्थ्याला तें दार बंदच होतें. पदरीं पैसा असता तरी त्याला राजमार्गानें शस्त्र मिळालें नसतें. आणि पैसा तर नव्हताच. हा कायदा स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें चालू होता. पुढें १९५९ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांपुढें हा प्रश्न बेचाळीसच्या पुष्कळ आधीं उभा राहिला होता. १९०९ सालीं लंडनहून सावरकरांनीं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें धाडलीं, आणि तीं पेटीच्या चोरकप्प्यांतून मुंबईस उतरलीं. त्यांतीलच एकानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे या औरंगाबादेस शिकणाऱ्या मुलानें कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. लहान आकार, अंगरख्याखालीं सहज लपणारें, एकामागून एक गोळ्या झाडणारें, असें हें बेल्जमच्या कारखान्याचें पिस्तूल होतें. त्या कामास याहून सोयीचें हत्यार शोधून सांपडलें नसतें. परंतु परदेशीं शस्त्राची एक गोम असते. तें जेथून आलें तेथपर्यंतचा माग आपल्यामागें ठेवून येतें. पिस्तुलाचा धागा लंडनपर्यंत पोंचला, अमीन माफीचा साक्षीदार झाला, १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्यास फांशीं दिलें गेलें, आणि सावरकरांच्या वांट्यास अंदमान आलें.

दुसरें उदाहरण पुण्याचें. २२ जुलै १९३१ रोजीं फर्ग्युसन कॉलेजांतील वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें कॉलेजच्या ग्रंथालयांत हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदीं जवळून गोळी झाडली. सोलापुरांतील मार्शल लॉ आणि त्याच वर्षींच्या जानेवारींत चौघांना झालेली फांशी, यांचा संताप त्यामागें होता. गोळी हॉटसन यांच्या खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि ते बचावले. एका तरुणाचें सारें आयुष्य पणास लागावें आणि निकाल एका बटणानें द्यावा! पिस्तूल हें एकट्याचें हत्यार आहे. एका क्षणासाठीं आणि एका माणसासाठीं तें उपयोगी पडतें. राज्य उलथविण्यास तें पुरत नाहीं.

आतां साताऱ्याकडे येऊं. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षां पुष्कळ मोठा होता. वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके त्यांतच मोडत. १९४९ सालीं त्यांतून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. या मुलखांत इंग्रजी हद्दीला लागून सांगली, मिरज, औंध, जत, फलटण, कोल्हापूर अशीं संस्थानें गुंतलेलीं होतीं. पुढें तुफान सेनेचें ठाणें झालेलें कुंडल औंध संस्थानांत होतें. एका हद्दींतून दुसरींत जाणें हें भूमिगतांना मोठेंच संरक्षण होतें. तें विकत घ्यावें लागत नव्हतें.

बेचाळीसच्या सप्टेंबरांत येथील लोक प्रथम निःशस्त्रच निघाले. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवरील मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी पडले. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपुरास पंड्या आणि बारपटे हे दोघे गोळीला बळी पडले. या दोन दिवसांनंतर तरुणांच्या मनांत शस्त्राचा विचार बळावला असल्यास नवल नाहीं. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्याभोवतीं जमलेल्या मंडळींत जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी यांच्यासारखे विशीचे तरुण होते. दोघांचाहि जन्म १९२२ चा. त्यांच्यापुढें मार्ग तीन होते.

पहिला मार्ग, घरांत असेल त्यावर भागविण्याचा. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली गेली, तेव्हां रुळांवर दगड रचले होते आणि हातांत मुख्यतः काठ्या, कोयते व गांवठी बाँब होते. शेतकऱ्याच्या घरचें हत्यार फुकट असतें, त्याला परवाना लागत नाहीं, आणि तें हातीं दिसलें तर कोणी संशयहि घेत नाहीं.

दुसरा मार्ग, सरकारचेंच शस्त्र घेण्याचा. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनीं नवराबायकोच्या मारामारीचें सोंग उभें केलें. पोलीस भांडण सोडवावयास बाहेर आले आणि तेवढ्यांत साथीदारांनीं आंतलीं हत्यारें उचललीं. २४ जुलै १९४३ रोजीं सांगलीच्या तुरुंगांत वसंतदादा पाटील व त्यांच्या साथीदारांनीं पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावरून उड्या टाकल्या. पुढील चकमकींत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव ठार झाले. दादांच्या खांद्यांत गोळी घुसली. या बंदुकांना एक छदामहि पडला नाहीं असें कोणी म्हणेल, तर त्यानें या दोन नांवांचा हिशेब आधीं मांडावा.

तिसरा मार्ग, खरेदीचा. आणि तो गोव्याकडे जात होता. तेथें अंमल पोर्तुगिजांचा, म्हणून इंग्रजी कायद्याचा हात पोंचत नसे. परंतु शस्त्र घेणें सोपें, घेऊन परतणें कठीण! कुंडलकडे शस्त्रें आणतांना बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हातीं सांपडले. त्यांना सोडविण्याच्या कामगिरींत हौसाताई गेल्या, आणि परततांना रात्रीच्या अंधारांत लाकडी पेटीच्या आधारानें त्यांनीं मांडवी नदी ओलांडली. त्या वेळीं त्यांचें वय विशीच्याहि आंत होतें. २०२१ सालीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत ही हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळत असे.

आणि खरेदी म्हटली कीं पैसा आला. शस्त्र एकदांच घ्यावें लागतें, पण काडतुसें पुन्हां पुन्हां लागतात. काडतुसांवांचून पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. शिवाय भूमिगतांचें जेवणखाण, प्रवास, निराधार झालेलीं कुटुंबें, हा खर्च होताच. १४ एप्रिल १९४४ रोजीं साताऱ्याच्या तरुणांनीं खानदेशांतील साथीदारांसह चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना अडविला आणि सुमारें साडेपांच लाख रुपये नेले, त्याचें कारण हेंच. गरीब शेतकऱ्याकडून वर्गणी उकळण्यापेक्षां सरकारच्या तिजोरीवर हात टाकणें त्यांना अधिक न्याय्य वाटलें.

मात्र हातीं शस्त्र आलें कीं नवाच प्रश्न उभा राहतो. चळवळीचें नांव पुढें करून दरोडे घालणाऱ्या टोळ्याहि त्या काळीं माजल्या होत्या. गांवकऱ्याला रात्रीं दारावर थाप पडली, तर बाहेर देशभक्त उभा आहे कीं दरोडेखोर, हें कसें कळावें? दोघांच्याहि हातीं बंदूकच! प्रतिसरकारनें या टोळ्यांचा बंदोबस्त केला, न्यायदान मंडळें चालविलीं, कमी खर्चाचे गांधीविवाह लावले, सावकाराच्या जाचाला आळा घातला. यामुळें गांवानें ओळखलें कीं, कोणती बंदूक आपली आणि कोणती आपल्यावर रोखलेली. १९४३ पासून १९४६ पर्यंत ही सत्ता टिकली ती गांवानें भूमिगतांना भाकरी दिली आणि तोंड बंद ठेवलें म्हणून; नुसत्या शस्त्रांच्या मोजदादीवर ती एक महिनाहि टिकली नसती.

तेव्हां मुलांच्या प्रश्नाचें उत्तर मी असें देईन. पिस्तूल कोठून आलें, हें सांगतां येतें: लंडनहून, गोव्याहून, पोलीस ठाण्यांतून, तुरुंगाच्या पहाऱ्यावरून. परंतु त्याची किंमत रुपयांत सांगतां येत नाहीं. ती कोणी फांसावर भरली, कोणी तटाखालीं भरली, कोणी परक्या तुरुंगांत भरली. आज आपल्यापाशीं मत आहे, न्यायालय आहे, मोकळेपणीं बोलण्याची सोय आहे. ज्या पिढीजवळ यांतलें एकहि नव्हतें, तिला शस्त्राचा शोध घ्यावा लागला. तो शोध आपल्या मुलांना पुन्हां करावा लागूं नये यासाठींच तिनें ती किंमत मोजली, हें सांगितल्याखेरीज त्या पिस्तुलाची गोष्ट पुरी होत नाहीं.