फाइल कोणाची, हा पहिला प्रश्न

लिनक्सवर प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘पर्मिशन डिनाइड’ असे उत्तर मिळाले की बहुतेक जण आज्ञेच्या आधी सुडो लावतात किंवा सीएचमॉड ७७७ करून सगळ्यांना सगळे मोकळे करतात. काम पुढे सरकते, पण दुखणे मागेच राहते. ही अडवणूक मुळात बिघाड नव्हेच; ती युनिक्सच्या जन्मापासूनची आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. तिच्यात सीएचमॉड आहे, आणि प्रत्येक फाइलला मालक आहे. वाचण्या-लिहिण्याचे हक्क मालकाचे निराळे, इतरांचे निराळे. गटाची सोय पुढे झाली. चालवण्याची परवानगी तर कंपाइल करण्याशी थेट बांधलेली होती. जोडणीत चूक निघाली नाही, तरच जुना लिंकर तयार झालेली ‘ए डॉट आउट’ फाइल चालवण्याजोगी करी.

बेल लॅब्जमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बांधणी चालवणारे ‘मेक’ लिहिले. पुढे रुळलेली शिस्त अशी, की बांधणी आपल्या होम डिरेक्टरीत साध्या वापरकर्त्याने करायची आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार फक्त ‘मेक इन्स्टॉल’पुरता घ्यायचा. आज दिसणाऱ्या पुष्कळ अडचणी ही वाटणी मोडल्याने येतात. एकदा ‘सुडो मेक’ केले की ऑब्जेक्ट फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढचे साधे मेक अडते. तिथे ७७७ नको. सीएचओनने मालकी परत घ्यावी. झिप उलगडताना ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टची चालवण्याची परवानगी गळली असेल तर ‘यू प्लस एक्स’ पुरते. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मात्र या परवानग्या नोंदवायला जागाच नसते, म्हणून सोर्स होममध्ये आणावा. सुरुवात प्रत्येक वेळी ‘एलएस -एल’ने, मालक पाहून.

यावर आक्षेप येतो की ही व्यवस्था एका यंत्रावर अनेक माणसे बसत त्या काळची. आज लॅपटॉपवर एकटाच माणूस असतो. माणूस एकटा, हे खरे. पण तो कंपाइल करतो तो कोड परक्यांचा असतो. २००२ साली ओपनएसएसएच ३.४पी१चे अधिकृत एफटीपी सर्व्हरवरचे पॅकेज कोणीतरी बदलले होते. त्यातला घातक भाग कंपाइल करतानाच चाले, बाहेरच्या यंत्राशी संपर्क साधे आणि कंपाइल करणाऱ्याच्या अधिकाराने शेल देऊ करी. साध्या वापरकर्त्याचे त्यात स्वतःचे खाते धोक्यात आले, तेही थोडे नव्हे. रूट म्हणून बांधणी करणाऱ्याचे अख्खे यंत्र. कंटेनर वापरला म्हणजे मालकीचा प्रश्न मिटतो, असेही नाही. आत रूट म्हणून बांधणी केली आणि बाहेरची डिरेक्टरी जोडलेली असली, तर तयार फाइली बाहेरही बहुधा रूटच्याच दिसतात, आणि पुढचे मेक पुन्हा अडते.