कावसजी नासासंधान

सुघटन शल्यचिकित्सेच्या अर्वाचीन इतिहासातील पुण्याजवळची सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेच्या दिमतीस असलेला, बैल हाकणारा कावसजी म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या कैदेत नाक व एक हात गमावून बसला असता, सुमारे वर्षभराने विटा बनविणाऱ्या जातीतील एका वैद्याने मेणाच्या पातळ पत्र्याचे माप त्याच्या कपाळावर आखून, रक्ताभिसरण अबाधित राहावे म्हणून भुवयांमधील पट्टी तशीच राखून, सोडविलेली त्वचा पीळ देऊन नासिकास्थानी बसविली आणि पाण्यात कालविलेला कात माखलेल्या चिंध्यांनी सांधा दृढ केला. सुमारे २५ व्या दिवशी ती पट्टी छेदण्यात आली. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये त्याच पद्धतीचा अवलंब करून १८१६ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. कपाळाच्या त्वचेने नाक घडविण्याची ही रीत, सुधारित स्वरूपात, आजही प्रचारात आहे.