लोहाऱ्यात सलून टाकताय? आधी हप्त्याचा हिशेब करा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात सलूनचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एमआयडीसीतल्या कामगाराच्या हाती दरमहा पगार पडतो. शेतकऱ्याकडे मात्र पैसा येतो कापूस-सोयाबीन विकल्यावर, अन् जून-जुलैत तो बी-खतात जातो. बलुत्याच्या काळात सुगीला धान्य तरी मिळायचं. आता उधारीची वही. दुकानं बंद पडतात ती इथंच, कारण भाडं अन् हप्ता सुगीची वाट पाहत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हावीकाम आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ. नोंदणी सीएससी केंद्रावर, पडताळणी आधी ग्रामपंचायतीकडून. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के, मुदत १८ महिने. पूर्ण लाख उचलला तर हप्ता महिन्याला पावणेसहा हजारांच्या आसपास. सोमवारची सुट्टी सोडली तर रोजचे सव्वादोनशे रुपये फक्त हप्त्याचे!

म्हणून फिरती खुर्ची, एसी नंतर घ्या. दर गिऱ्हाईकाला नवं ब्लेड मात्र पहिल्या दिवसापासून, त्यात काटकसर नको. जुन्या ब्लेडमधून कावीळ-बी, एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात. पहिलं कर्ज नीट फेडलं, तर पुढं २ लाखांपर्यंत मिळू शकतं. एसीचं तेव्हा बघा.