पुस्तकाचा अडत्या

आमच्या मानवतमध्ये एजंटांना तोटा नाही. विम्याचा आहे, अल्पबचतीचा आहे, संध्याकाळी दुकानोदुकानी हिंडून पैसे गोळा करणारा पिग्मीचा आहे. जमिनीचा आहे, म्हशींचा आहे, आणि सोयरिकीचा तर घरटी एक आहे. आम्हा बँकवाल्यांना या शब्दाचा विशेष आदर, कारण एके काळी स्टेट बँकेच्या शाखाप्रमुखालाच एजंट म्हणत. पण या सगळ्यांचा मूळपुरुष बसतो मोंढ्यात, गादीवर, लोडाला टेकून. तो म्हणजे अडत्या. शेतकऱ्याचा माल तो उतरवून घेतो, सौदा ठरवतो, काट्याशी उभा राहतो, हमाली-तोलाई धरून पट्टी करतो आणि आपली अडत मोजून घेतो. अडचणीला उचलही देतो. म्हणजे कापूस पिकवणाऱ्याला माणूस आहे. कादंबरी पिकवणाऱ्याला मात्र नाही. तिचं गाठोडं त्याने स्वतःच डोक्यावर घेऊन पुण्या-मुंबईच्या जिन्यांवर चढायचं.

विलायतेत तशी सोय फार पूर्वीच झाली. १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये अलेक्झांडर पोलॉक वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने पुस्तकांची अडत उघडली. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी घासाघीस करायची आणि लेखकाच्या कमाईतले दहा टक्के घ्यायचे, असा सरळ व्यवहार. टॉमस हार्डी, कॉनन डॉइल यांच्यासारखे लोक त्याच्याकडे माल उतरवीत. किपलिंगही त्याचंच गिऱ्हाईक, आणि हा किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मलेला! म्हणजे जन्म मुंबईत, अडत्या लंडनला. आपल्याकडे आता दिल्लीबिल्लीकडे इंग्रजी पुस्तकांचे एजंट निघाले आहेत. मराठीत हा धंदा काही मूळ धरीना.

का धरीना, ते कळायला बी.कॉम. पुरे. समजा, पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, प्रती हजार, लेखकाचा हिस्सा दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार. (हे 'तर' आमच्या खात्यात 'संशयित व बुडीत कर्जे' या सदराखाली पडतं.) त्यातले दहा टक्के एजंटाचे, म्हणजे तीन हजार. प्रती खपायला दोन वर्षं लागली तर महिन्याला सव्वाशे रुपये. एवढ्यात त्याने पुण्याला एक खेप करून दाखवावी! पिग्मीवाला याहून पुष्कळ बरा.

आणि तरीही आपली पुस्तकं आली. हातोहात आली, वाचली गेली, टिकली. मग त्यांची अडत केली कोणी?

जुन्या एका अभंगात संतांच्या लेखनिकांची यादीच आहे. ज्ञानेश्वरांचे शब्द चिदानंदबाबांनी लिहून घेतले, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत त्याचे शब्द एका भटाने बसून लिहून घेतले, असं ही यादी बिनबोभाट सांगून जाते. आणि शेवटी जनाबाई. तिचा लेखनिक साक्षात पांडुरंग! जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची, म्हणजे आमच्याच परभणी जिल्ह्यातली. तेव्हा जिल्ह्यातल्या पहिल्या लेखिकेला मिळालेला एजंट खुद्द पंढरपूरचा होता, आणि त्याने दहा टक्के घेतल्याची कुठे नोंद नाही. पुढच्यांचं नशीब एवढं थोर नव्हतं.

छापखाने आल्यावर काम वाढलं, पण पद्धत तीच राहिली. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. आधुनिक मराठी कवितेचे जनक आपण ज्यांना म्हणतो, त्यांचं हयातीत एकही पुस्तक निघालं नाही. कविता मासिकांतून विखुरलेल्या. त्यांच्यामागे दहाबारा वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी त्या एकत्र करून छापल्या. स्वतः एवढे मोठे कादंबरीकार, हाताखाली साप्ताहिक, डोक्यावर कामाचा डोंगर, आणि दुसऱ्याच्या कविता जुळवीत बसले. जळगावच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ ते टिपून घेत. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आपल्या कवितांची वही बाजूला सारून आईची पुढे करणारा कवी हा फार दुर्मीळ प्राणी, हे कविसंमेलनाला गेलेल्यांना मी सांगायला नको.

आता आमच्या जिल्ह्याचं सांगतो. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, सातोन्याचा. सातोना म्हणजे आमच्या मानवत रोडच्या अलीकडे, सेलूच्याही आधी लागणारं स्टेशन. नोकरी परभणीला, बांधकाम खात्यात, कारकुनाची. राज्य निजामाचं, राज्यभाषा उर्दू, आणि मराठी पुस्तकांची मोठी पेठ पुण्या-मुंबईला, म्हणजे परराज्यात. इथून निघालेलं हस्तलिखित मनमाडला लहान रुळांवरून मोठ्या रुळांवर चढल्याशिवाय पुढे जात नसे. अशा ठिकाणी बसून या माणसाने कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या एका कादंबरीचं नावच 'जगाला कळले पाहिजे'! पण जगाला कळवायला कोण होतं? दिवसा खात्याच्या फायली, रात्री स्वतःचे कागद. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच, काम करता करता, ते गेले. वय चाळीस. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा कवितासंग्रह त्यांच्यामागे निघाला. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. कारकुनाच्या टेबलावर मी वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या कचेरीतलं ते टेबल मला न बघताही दिसतं. त्यावरच्या फायली दुसऱ्या दिवशी नव्या माणसाकडे गेल्या असणार. फायलींना वारस लगेच मिळतो.

ही माहिती मी जमवली ती काही इतिहाससंशोधनाची हौस म्हणून नव्हे. आमच्या खातेदारांत एक निवृत्त गुरुजी आहेत, वय पंच्याऐंशीच्या पुढे. दर महिन्याला पेन्शन काढायला येतात. एकदा त्यांनी पासबुकाबरोबर काउंटरवर एक जाडजूड वही सरकवली.

"हे काय, गुरुजी?"

"रझाकारांच्या वेळची आमच्या गावची हकीकत. मी तेव्हा लहान होतो. थोडं पाहिलेलं, बाकीचं आईकडून ऐकलेलं. आता हे सांगणारं कोणी उरलं नाही. याला एखादा एजंट बघा की. तुमच्याकडं सगळी माणसं येतात."

मागे रांग होती. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. सगळी माणसं येतात हे खरं, पण म्हशींच्या दलालाला वही दाखवून काय उपयोग? पुण्याच्या दोन प्रकाशकांना पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, मजकूर टाइप करून पाठवा, मग बघू.

वही दोनशे ऐंशी पानांची आहे, शाईने लिहिलेली, मास्तरी अक्षरात. दर रविवारी दुपारी टाइप करायला बसतो. बायको म्हणते, "ओव्हरटाइम मिळतो का याचा?" आतापर्यंत एकतीस पानं झाली. एकतिसाव्या पानावर १९४८ सालच्या रात्री गाव रिकामं करून बैलगाड्या निघाल्या आहेत. मागे थांबलेल्या एका म्हातारीचं नाव लिहिलं आहे, त्यावर पाणी सांडून शाई पसरली आहे. ते काही केल्या लागत नाही. पेन्शनचा दिवस अजून लांब आहे, म्हणून उद्या सकाळी गुरुजींच्या घरीच जाऊन येणार आहे.